नववा महाल आणि ताईची सर्टिफिकेटं

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा मिळेल तो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. दबाव कोणाचा नाही. मुकादमाचा आहे, पण तो एवढाच, की उंच धुराड्यांना रंग द्यायला दोरावर चढणाऱ्यानं आधी कागद करून द्यावा. डोकं ठिकाणावर आहे. कालपासून जरा गोंधळलंय, ते पुढे येईलच.

१. सायकल माझ्याबरोबर दोरावर चढणाऱ्या रंगारीदादाला. ब्रेक लागत नाहीत, हे त्याला माहीत आहे.

२. तंबू आणि माउथ ऑर्गन ज्याला हवा त्याला. ऑर्गनवर मला दीडच गाणं येतं. असो.

३. व्हिडिओ गेमचं मशीन. हे कलम तीनदा खोडलंय. लहानपणी त्यात खेळ साठवता येत नसे, म्हणून खेळातला नववा महाल, म्हणजे शेवटचा टप्पा, गाठायला मी ते दोन दिवस चालूच ठेवलं होतं. घरात चालू प्लग एकच. ताईची मुलाखत होती; तिनं तो काढून इस्त्री लावली. मी भोकाड पसरलं, तर म्हणाली, "अरे, खेळच आहे तो! आल्यावर खेळ की परत." रागाच्या भरात मी तिची सर्टिफिकेटं कपाटामागे टाकली. मुलाखत हुकली. आपणच हरवली असं तिला वाटत असणार. पण रुसलो मीच, पंधरा वर्षं. तिच्या लग्नालाही गेलो नाही.

काल मेकॅनिककडून मशीन दुरुस्त करून घेऊन खेळलो. केवढा वाटायचा तो राक्षस अंगठ्याएवढा निघाला. तासाभरात आठ महाल संपले आणि पुन्हा पहिलाच आला. मेकॅनिकला विचारलं, "नववा कुठंय?"

"नववा नसतोच. आठ झाले की पहिल्यापासून. तुला कोणी सांगितलं?"

कोणीच नाही. मग ताईनं माझं नेमकं काय हिरावलं? आणि माझा राग कशावर उभा होता? कळत नाही.

४. "ताईला माफ केलं, मशीन तिला" हे तिसऱ्या कलमातलं खोडलेलं वाक्य रद्दच. सर्टिफिकेटं मी टाकली, हे माझ्या पश्चात तिला कळवावं.

यावर खानावळवाल्या काकू सही करेनात. "मेल्यावर कसलं कळवतोस, गाढवा? फोन लाव, मग सही."

लावला. सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "मी आईवर आळ घेतला होता रे." आणि ठेवून दिला. रागावली की रडली, कळलं नाही.

५. धुराड्यावर परवा चढेन. उद्या ताईकडे जातो. दार उघडेल की नाही, माहीत नाही.

साक्षीदार: रंगारीदादा (सही). काकू (सही, फोननंतर).
ठिकाण: खानावळीतलं कोपऱ्यातलं टेबल.
दिनांक: महिन्याची सात, मंगळवार.
लिहून देणार: ताईचा धाकटा भाऊ (सही).