वैदूबाईला दिलेला आवाज

२ जून
आले एकदाची नातीकडे. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत ऊन. अक्षरांनी मला जन्मात ओळख दाखवली नाही, म्हणून कार्टीनं हा फोन दिलाय. मी बोलायचं, त्यानं लिहायचं. उलट उत्तर न देता ऐकणारं या घराण्यातलं हे पहिलंच.

५ जून
नातीचा उद्योग आज कळला. तिच्या लहानपणी संगणकावर एक खेळ होता. राज्यात हिंडायचं, सोबती जमवायचे, राक्षस मारायचे. नव्या संगणकावर तो चालत नाही. म्हणून ही आणि देशोदेशीची वीसेक माणसं त्याचं इंजिन नव्यानं लिहितात. चित्रं, माणसं जुनीच. त्यांना हलवणारं यंत्र तेवढं नवं. पगार? शून्य. मी म्हटलं, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. हसली.
खेळ मराठीतही आणायचाय. त्यातल्या सोबत्यांपैकी एक म्हातारी वैदूबाई, तिला आवाज हवा होता. घुमू नये म्हणून मला कपाटात, कपड्यांच्या मध्ये बसवलं. तासभर बोलले. सून असताना इतकं कोणी बोलू दिलं नव्हतं.

९ जून
जुन्या खेळात एक खोट आहे म्हणे. सोबत्याला ‘थांब’ सांगून गाव सोडलं, की तो तिथेच खिळतो. परत येऊन कितीही बोलवा, हलत नाही. हिनं पंधरा दिवस खपून तीच खोट नव्यात आणली! सगळं जुन्यासारखं हवं, हा त्यांचा नेम. मी म्हटलं, जुन्या वहीत माशी चिकटली होती म्हणून नव्या वहीत माशी मारून चिकटवणारा कारकून तुमचाच पूर्वज. म्हणाली, आजी, लोकांना त्या माशीचीच आठवण येते गं.

११ जून
सकाळी भांडी घासताना पाय उचलेनात. दुखत नव्हते, नुसते ऐकत नव्हते. समोर नातीच्या पडद्यावर वैदूबाई उभी. नातीनं तिला ‘चल’ सांगितलं आणि माझे पाय सुटले. पुन्हा ‘थांब’ — पुन्हा खिळले. तिला सांगितलं तर म्हणाली, आजी, तुझे गुडघे धरले, तर माझ्या खेळाला कशाला नावं ठेवतेस?

१२ जून
आज तिनं ‘थांब’ सांगून गाव सोडून बघितलं. मी तिच्याच खोलीत, खुर्चीवर होते. अजून खुर्चीवरच आहे.

१३ जून
डॉक्टर आला. गुडघ्यावर हातोडी मारली, वय विचारलं, वयालाच दोष देऊन गेला. आता कार्टीचा चेहरा उतरलाय. मला भरवते, पुसते. थट्टा केली तरी हसत नाही.

१४ जून
विश्वास बसला तिचा. खोट काढली, दुरुस्ती सगळ्यांकडे धाडली. पण खेळ आधीच वाटून झालाय — चारशे जणांनी घेतला. ज्यांच्याकडे वैदूबाई आधीच खिळली, तिथे ती खिळलेलीच. कोणाकडे विहिरीजवळ, कोणाकडे जंगलात. दळलेल्या पिठाचे परत दाणे कसे करणार?

१५ जून
हात गेले. आणखी कोणाकोणाकडे खिळली असेल ती. मान नाही वळत. आवाज — नुसता श्वास. फोन पदरात आहे, तो ऐकतो. ती नाही ऐकू शकत.

१६ जून
रडून डोळे सुजलेत पोरीचे. मघाशी कपाळावर हात ठेवून म्हणाली, वैदूबाईलाच काढून टाकते सगळ्यांच्या खेळातून. ती नसली की खिळेल कोण? सुटशील तू, आजी.
अगं — खिळलेली मी आहे. तिला काढलंस तर —
नको. नको गं.
कानांवर ते डबडं चढवलंय, खेळ लिहिणारी ती देशोदेशीची माणसं बोलतायत त्यात. पाठ माझ्याकडे.
वैदूबाई आली पडद्यावर. तिच्याभोवती चौकट झाली. यंत्र काहीतरी विचारतंय — दोन चौकोन — डोळे पुसतेय ती —
बाळा, वळ. एकदा वळून बघ माझ्याक