रोजा तुहा, गुर्दा माहा

तर अम्मी, महागावच्या काकांनी शेवटी गोळी घेतली. पण फोन ठेवता ठेवता त्यांनी मले जे विचारलं, ते तुलेच विचारावं लागन, म्हणून लिहून राह्यली. तू मराठी शाळेत शिकली, म्हणून मराठीत. माझी इंग्लिश मीडियमची मराठी आहे तशी चालवून घे.

हे काका माझ्यासारखेच, दुसऱ्याच्या किडनीवर जगणारे. आपल्या जिल्ह्यातल्या अशा लोकांचा मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला आहे. सकाळी आठले अन् संध्याकाळी आठले गोळीची आठवण टाकते. तू असती तर म्हणाली असती, "आली मोठी मास्तरीण." तर काकांचा काल फोन आला. म्हणे, "पोरी, देवानं बरं केलं आता. रोज गोळी गिळायची म्हणजे त्याच्यावर भरोसा नाही असंच झालं ना? परवापासून बंद केली." मी घाबरली. रिजेक्शन, ड्रग लेव्हल, जे जे येत होतं ते सगळं इंग्लिशमधून सांगून टाकलं. काका नुसते हूं हूं करत होते. मग मले तुझा तो रमजान आठवला.

नागपूरहून किडनीचं ऑपरेशन करून आल्यावरचा पहिला रमजान. मी दहावीत. तू दारव्ह्याच्या बाजारात आपल्या दुकानात बसली आहेस, एका बाईचा हात धरून हिरव्या बांगड्या भरून राह्यली. मी समोर तोंड फुगवून उभी. घरातले सगळे रोजा ठेवतात, मीच पडद्यामागं खाते, गोळीसाठी पाणी पिते, अल्लाले मी त्याची वाटते तरी का? तू वर न पाहता म्हणते, "रोजा तुहा हाय. पण गुर्दा माहा हाय. माह्या गुर्द्याले तहानलेलं ठेवायची इजाजत मी देत नाही." ती बाई हसली, तर तू तिच्यावरच डाफरली, "हात हलवू नको वं, बांगडी फुटते."

तू होतीच तशी. डॉक्टरांनी समजावलं होतं, शरीर नवीन किडनीले परकी समजते अन् हाकलायले पाहते, म्हणून गोळ्या जन्मभर. तू त्यांच्यावरच चिडली. "माह्या पोटची पोरगी. तिच्या अंगाले मी परकी कशी?"

मग तो पूर्ण महिना तू रोज संध्याकाळी माझ्या हातानं डबा भरून घेतला, अन् बस स्टँडवरच्या म्हाताऱ्या हमालाले मलेच द्यायले लावला. ज्याले रोजा जमणारच नाही, त्यानं त्याच्या बदली एका गरिबाले जेवू घालावं, असा आपल्यात रिवाज. घरी आली की तू म्हणायची, "तुहा रोजा त्याच्या पोटात गेला. आता बिस्मिल्ला म्हण अन् गोळी गिळ, तेही इबादतच हाय." तेव्हा वाटायचं, तू मले फुसलावून राह्यली. पण तेव्हापासून एकही गोळी मी बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय घेतली नाही, अन् घेताना अल्लापासून दूर आहे असंही कधी वाटलं नाही.

म्हणून काल फोनवर काकांना विचारलं, "किडनी कोणी दिली तुम्हाले?"

"बायकोनं."

"मग बंद करताना तिले विचारलं का?"

मागून काकूंचा आवाज आला, "काय बंद केलं? कधीपासून? अन् मले न विचारता? वस्तू माही अन् मालक हे." मी डॉक्टरांना लगेच फोन लावायले सांगितलं. त्यांनी सांगितलं तशी काकांनी गोळी घेतली, अन् मले परत फोन करून कळवलं. आज दोघं रक्त तपासायले गेले, रिपोर्ट यायचा आहे.

तर काल तो दुसरा फोन ठेवताना काकांनी विचारलं, "तुले कोणी दिली, पोरी?" मी म्हटलं, अम्मीनं, पण मी बारावीत होती तेव्हाच ती गेली. काका म्हणे, "मग आता मालक कोण?"

मी "गोळी विसरू नका" म्हटलं अन् फोन ठेवला. तू तापात गेली. लोक म्हणाले, पोरीपायी गेली. डॉक्टर म्हणाले, किडनी दिल्याचा अन् त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांचं मी मानते, बहुतेक दिवस. पण तपासणीले गेली अन् त्यांनी विचारलं, किडनी कशी आहे, की मी म्हणते, अम्मीचा गुर्दा ठीक आहे. माझा, असं आजपर्यंत तोंडातून निघालं नाही.

हे पत्र गोळ्यांच्या डब्याखाली ठेवते, अजून कुठं टाकणार? पुढच्या आठवड्यात रमजान लागते. रोजा ठेवत नाही, हमालाचा डबा चालू ठेवते, त्याची काळजी नको. आठ वाजत आले, गोळीही घेते. फक्त मालकीचं तेवढं सांग. आता तरी माझा म्हणू का, अम्मी? तुले काय वाटते?