यंदाचा वेचणीचा भाव

६ नोव्हेंबर
"गावापेक्षा जास्त देणारा गावाचा वैरी." मी नवी नवरी असताना मामंजी जेवता जेवता म्हणाले होते. मी भाकर वाढत होते, मान डोलावली.
आज मारुतीच्या पारावर जमीनवाल्यांची बैठक. कापूसवेचणी किलोला दहा रुपये, गेल्या वर्षीएवढीच. बैठक चालवली दादांनी, माझ्या थोरल्या दिरांनी. चार एकर माझ्याही नावावर आहे. पण पारावर बाई बसत नाही. मला निरोप आला.

७ नोव्हेंबर
सकाळी कमल आली. गावातल्या वेचणाऱ्या बायकांची टोळी तीच नेते. उंबऱ्यावरच उभी. "वयनी, बारा. नाही तं येत नाही." चहालाही नाही म्हणाली.
पंचायतीच्या भिंतीवर किमान वेतनाचा सरकारी कागद आहे म्हटलं. "तो? अर्धा शेळीनं खाल्ला."
कापसाला बाजारात भाव नाही हे खरं. बोंडांच्या टोकांनी चिरलेली तिची बोटं, तीही खरी. दिवसभर दोन्ही घेऊन बसले.

८ नोव्हेंबर
मी बारा देते, म्हणून कमलला सांगायला गेले. वाटलं होतं, हसेल.
"एकट्या तुमच्या वावरात नाही येत. गाव तुमाले जगू देनार नाही. द्याचे तं सगळ्याईनं बारा."
ह्यांचा खामगावहून फोन, बातमी तिथवर पोचली. "तुले काऊन मधात पडाचं? दादाले राग येईन."
"येऊ द्या." मीच म्हणाले हे. ठेवला फोन, मग पाणी प्यायले.

११ नोव्हेंबर
कापूस फुटून लोंबतोय. माझाही. आभाळ आलंय, एक सर आली तरी सगळं काळं पडेल.
कोणाच्याच वावरात सीतादही नाही. पहिल्या वेचणीआधी वेचणाऱ्या बायकांनी वावराच्या कडेला धुऱ्यावर दहीभात ठेवून पूजा करायची, त्याशिवाय बोंडाला हात लावत नाहीत. बायकाच नाहीत, पूजा कोण करणार.

१२ नोव्हेंबर
दादांनी टेम्पोवाल्याकरवी धामणगाव बढ्याची टोळी ठरवली. दहानेच. दारावरून जाता जाता मला, "तुमच्या कमलबाईले सांगा, आता झोपा म्हना आरामात."


१३ नोव्हेंबर
काय दिवस! नीट लिहिते.
टेम्पो दादांच्या वावराशी आला. मोठ्या जाऊबाई दहीभात घेऊन उभ्या, मी मागे. टोळीची पुढारी राधाबाई वेचलेल्या कापसासाठी कमरेला ओटी बांधत इकडेतिकडे पाहू लागली.
"मले जानेफळकडं म्हनून आनलं. हे तं माह्या सुनेचं माहेर हाय! कमलबाईचं गाव! तिची टोळी कुठी गेली?"
जाऊबाई सरळ मनाच्या. "ते दहानं येत नाही म्हनते."
राधाबाईनं ओटीची गाठ सोडली. "इहीनबाईच्या तोंडचा घास मी काढू? उद्या सून मले भाकर वाढीन का?"
"अवो, पन टेम्पोचं भाडं?" दादा.
"तुमी आनलं, तुमी द्या. अन आता आमाले इहीनबाईच्या दारी सोडा. आलोच हावो तं पाहुनचार घेऊन जातो."
दादांनी भाव विचारला, भाडं विचारलं, सोयरीक नाही विचारली! आपल्याकडे चहाच्या आधी विचारतात ती.
जाऊबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. दहीभाताचं पातेलं त्यांनीच टेम्पोत ठेवून दिलं.

१४ नोव्हेंबर
बारा! पारावर दादांनाच म्हणावं लागलं. मी घरात एकटी टाळी वाजवली, वेड्यासारखी.

१५ नोव्हेंबर
माझ्या वावरात सीतादही. ऊन पडलं होतं. कमलनं पहिला कापूस माझ्या ओटीत टाकला. "काऊन रडून राह्यल्या वयनी?" "रडत नाही." सगळ्या हसल्या. कपाशीच्या ओळीओळींत दिवसभर गाणी.

१७ नोव्हेंबर
दादा म्हणत फिरताहेत, बारा फक्त यंदापुरते. म्हणजे पुढच्या साली पुन्हा पार, पुन्हा निरोप.
संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते. नाही म्हणणार, घरातून निघतानाच माहीत होतं. जाऊबाई दाराआड. पदर सारखा केला.
"दादा, पुढच्या साली भाव ठरेल तेव्हा कमलला पारावर बसू द्या. आणि तिच्या शेजारी मला."