जेवलेल्या पावण्याकडं परवाना कसा मागायचा?

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय,
कोल्हापूर.

दिनांक : २० मे २०२५

विषय : कोल्हापूर ते राजकोट घरसामान नेण्यासाठी नोंदणी असलेला खरा वाहतूकदार मिळणेबाबत.

संदर्भ : सामान बघायला म्हणून आमच्या घरी येऊन, जेवून गेलेली सर्व मंडळी.

महोदय,

सर्वप्रथम एक प्रश्न. बदली होऊन आपण कोल्हापूरला आलात, तेव्हा आपलं घरसामान कुणाच्या गाडीतून आणलंत आणि त्याचा परवाना स्वतः बघितला होता का? प्रश्न उद्धट वाटल्यास क्षमा असावी. माझ्या मैत्रिणी अदिती आणि मैथिली म्हणाल्या, "वक्तृत्वात नंबर आल्यापासनं लई बोलतीस की! मग साहेबांना हे विचारून दाखव." मी पैजेला मागं हटत नाही. पण उत्तर मला खरोखरच हवं आहे. आपण ज्याला पारखून घेतलं असेल, त्याचा फोन नंबर आम्हाला डोळे झाकून चालेल.

मी, खाली सही करणारी, इयत्ता नववीत जाणारी विद्यार्थिनी असून फुलेवाडीत आईवडिलांसोबत राहते. माझे वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने बनवणारे, होते. त्यांना राजकोटला नवी नोकरी लागली असून २ जूनला हजर व्हायचं आहे. आई पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवते. तिचं स्पष्ट म्हणणं आहे की, "माझं मशीन कागदपत्रं असलेल्या गाडीत चढल्याबिगर मी हलणार न्हाय." त्यामुळे गाडीचा शोध सुरू झाला आणि आमचे हाल सुरू झाले.

पहिले आले मामांचे दोस्त आकाराम. त्यांची गाडी कारखान्याला ऊस नेते. लांबच्या वाहतुकीची नोंदणी आहे का विचारलं, तर म्हणाले, "रोज ऊस न्हेतो की ओ! तुमचं कपाट उसापरास जड हाय व्हय?" मी म्हटलं, राजकोट कारखान्यापेक्षा लांब आहे. ते म्हणाले, "रस्ता त्योच की, जरा म्होरं जायाचं." दुसरा वाहतूकदार मोबाइलवर सापडला. कोल्हापुरात शाखा आहे म्हणाला, पण पत्ता विचारला की फोन कट. परवान्याचा फोटो मागितला, तेव्हा त्यानं गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवली.

महोदय, खरी अडचण याहून वेगळी आहे आणि ती लिहिताना मला लाज वाटते. सामान बघायला येणारा माणूस म्हणजे घरी आलेला पावणा, असं आमच्या आईचं मत आहे. तो कपाटाची उंची मोजेपर्यंत ती रस्सा उकळायला ठेवते. पावणं पोटभर जेवतात, पप्पा पान देतात, आणि मी कागद मागितला की पप्पा डोळे वटारतात. "आगं, जेवलेल्या पावण्याकडनं कागद मागतीस? इज्जत काढतीस व्हय माझी?" जेवायच्या आधी मागावा, तर आई म्हणते, "उपाशी माणसाला आल्या आल्या काय इचारतीस?" मग परवाना विचारायचा कधी? पावणं हात धुवायला गेल्यावर मी मोरीपर्यंत मागं गेले. तिथं अमरसिंह नावाचे गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाले, "ताई, तुमच्यात जेवलोय न्हवं? मग आता कागूद कशाला?"

ही बातमी पसरली असावी, असा माझा संशय आहे. कारण त्यानंतर सामान बघायला येणारे फक्त रविवारी, आणि तेही दुपारी येऊ लागले. परवाच्या रविवारी एकजण बायको, मेव्हणा आणि सासऱ्यांना घेऊन सामान बघायला आला. सासऱ्यांनी पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला. निघताना कळलं की त्यांचा मंडपाचा धंदा आहे आणि गाडी अशी त्यांच्याकडं नाहीच. "पण लागली तर बघू की," म्हणाले.

आपण हसत असाल तर हसा, पण पुढचं वाचा. काल पप्पा म्हणाले, "मी जातो म्होरं एकटा. गाडी गावली की तुम्ही दोघी या." आमच्या शेजारी संयोगिता राहते. तिचे वडीलही सुरतेला असेच म्होरं गेले, महिन्याभरासाठी. संयोगिता तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवत होती, आता ती माझ्या वर्गात आहे. ते दिवाळीला मिठाई घेऊन येतात आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवून दारात उभे राहतात. तिची आई आत या म्हणाल्यावर आत येतात. मला माझे पप्पा बेल वाजवून आत यायला नको आहेत. हा अर्ज एवढ्यासाठीच आहे, साहेब.

तरी नम्र विनंती की, लांब पल्ल्याची नोंदणी असलेल्या वाहतूकदारांची नावं कळवावीत आणि गाडीचा परवाना खरा की खोटा हे कसं ओळखावं, तेही सांगावं. शक्य असल्यास येत्या रविवारी आपल्या कार्यालयातला एक माणूस आमच्या दारात उभा करावा. कागद सरकारनं मागितला तर पावण्याचा अपमान होत नाही आणि पप्पांची इज्जतही राहते. आई त्यांना जेवायचा आग्रह करणारच. कृपया ती लाच समजू नये, आणि परवाने बघून होईपर्यंत त्यांनी ताटावर बसू नये.

उत्तर २ जूननंतर आलं, तर उपयोग फक्त कपाटाला होईल. ते का, हे खालच्या प्रतीत लिहिलं आहे. तरी अर्ज कायम ठेवावा.

आपली नम्र, पण पार घायकुतीला आलेली,

(सही)
कु. निशिगंधा बाळासो पोवार
फुलेवाडी, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी, आणि अंमलबजावणीसाठी :
श्री. बाळासो पोवार (पप्पा) व सौ. पोवार (आई), मुक्काम स्वयंपाकघर.

पप्पा, आई, मी ठरवलंय. राजकोटला आपण तिघं एकाच रेल्वेनं जायचं. मशीन पार्सलच्या डब्यात आईच्या डोळ्यादेखत चढेल, मी स्टेशनावर चौकशी करून आले आहे. कपाट, पलंग, भांडी मामांकडं मुरगूडला राहतील, आणि खरी गाडी मिळेपर्यंत आपण फरशीवर झोपू. पप्पा, आईनं तुमच्या एकट्याची भरलेली बॅग मी सकाळी मोकळी केली. तुमचे शर्ट आता आमच्या कपड्यांत आहेत. ते वेगळे काढायचे नाहीत.