दोरीवर वाळत घातलेलं पत्र

नावुनिमोली,
६ जून २०२१

तावाले वाइसाले मेहुण्यास,
सप्रेम बुला वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलं आणि मी उत्तर दिलं नाही, हे कबूल. आधी पेन नव्हतं. मग पेन मिळालं, तर कुणीतरी सांगत आलं की खडकापाशी ऑक्टोपस दिसलाय. त्याच्या मागे दिवस गेला आणि तो मिळालाही नाही. वादळात टॉवर पडल्यापासून इथे फोन नाही, म्हणून तुझ्या शिव्या ऐकू येत नाहीत, एवढंच सुख.

तुझी बायको केलेरा ठीक आहे. पोट एवढं पुढे आलंय की केलेरा त्यावर चहाचा कप ठेवते. ऑगस्ट लागायच्या आत होईल असं वासेमाथा आत्या म्हणते.

आत्याबद्दल लिहायलाच हवं. ती गावाची नर्स आहे हे ठाऊक होतं, पण मला वाटायचं, खोबरेल लावते आणि चिंध्या बांधते. साथीत आमचं रिसॉर्ट बंद पडलं, मी शेवटच्या बोटीने आलो, तर तिने मला वाळूवरच अडवलं आणि टोकाच्या झोपडीत चौदा दिवस बसवलं. सेवूसेवूच्या नजराण्यासाठी आणलेली यांगोनाची मुळं हातातच राहिली. ती मुखियापुढे ठेवल्याशिवाय माणूस गावात आला असं कुणी धरत नाही, म्हणजे चौदा दिवस मी आलेलोच नव्हतो. लोक माझ्यासमोर उभे राहून म्हणायचे, इनोके आला की त्याला छप्पर शाकारायला लावू.

मला वाटलं, हे सगळं भाच्यापुरतंच. पण इलाइतिया मामा सुवाला डॉक्टरांना डोळे दाखवून परतला, तर तिने सख्ख्या नवऱ्यालाही सोडलं नाही. झोपडीत घातलं आणि रोज संध्याकाळी तीस पावलांवरून त्याच्याशी बोलायची. तीस पावलांवरून म्हणजे ओरडूनच. न विचारता विकलेलं डुक्कर, तिच्या आईच्या मयतीला प्यालेली यांगोना, सगळा संसार गावाने ऐकला. बायका चटया विणायचं निमित्त काढून जवळ येऊन बसायच्या. शेवटी मामाने तिकडून विचारलं, जेवलीस का, तेव्हा सगळ्यांनाच कसंतरी झालं.

आता सकाळी लालीचा लाकडी ढोल वाजतो तो हात धुवायला. रविवारी जो तो आपल्या पायरीवरून स्तोत्र म्हणतो, टेकडीवरच्यांचा खर्ज अर्धा ठोका मागून येतो. यांगोना प्यायला ज्याची त्याची करवंटी वेगळी. हे सगळं आत्याने बसवलं, कुणावर आवाज न चढवता. मामा सोडून.

बोटीच्या आचाऱ्याकडून तुझा तोंडी निरोप मिळाला. मागच्या खाडीत होडी घेऊन येईन. दिवस कळव. आणखी काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं, आत्ता आठवत नाही. बोट निघतेय.

लोभ असू दे, आणि येताना बिस्किटं.
तुझा तावाले,
इनोके

*

सुवा,
१४ जून २०२१

इनोके यास,
बुला. तुझं पत्र वाचताना समुद्र लागला.

आम्ही रेवा नदीकाठचे चिखलातले लोक, तुम्ही बेटावरचे हवेतले, हे पुन्हा पटलं. मी बायकोची खबर विचारली होती, तू ऑक्टोपसची दिलीस.

इथे सहाला रस्ते बंद. नाक्यावर पोलीस कागद बघतात. गोदीचं काम चालू आहे म्हणून मी बाहेर तरी पडतो, पिठाची पोती चढवतो आणि परत खोलीत. शेजारच्या सुभागीताई संध्याकाळी फाटकाला रोट्यांची पिशवी अडकवतात, मी सकाळी तीच पिशवी कसावाचे कंद भरून अडकवतो. दोन महिन्यांत त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, पण मीठ किती घालतात ते सांगू शकतो.

पहिलं मूल होणार आणि बाप इथे पोती वाहणार, हे मला सहन होत नाही. पुढची बोट ३० तारखेला पोचेल. आचारी मला तांदळामागे बसवणार आहे. प्रवाळाबाहेर बोट थांबली की पहाटे तू मागच्या अंगाने ये. आत्याला कळता कामा नये. थोडा खोकला आहे, पिठाच्या धुळीचा, त्याचं नाव काढू नकोस. हे फक्त तुझ्यामाझ्यात.

केलेराला सांग, मी रोज तिच्या उशीला रागावतो.
वाइसाले

*

नावुनिमोली,
१९ जून २०२१

तावाले,
हात जोडून बुला वि. वि.

विसरलेली गोष्ट आठवली. बोटीने आलेलं प्रत्येक पत्र आत्या उघडते, आरपार ऊन लागावं म्हणून कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगते आणि दुपारनंतर ज्याचं त्याला देते. ती स्वतः एक अक्षर वाचत नाही, मान फिरवून टांगते. पण दोरी पाणवठ्याच्या वाटेवर आहे.

मी पोचेपर्यंत तुझं पत्र पाद्रीबाबांनी वाचलं होतं, शाळामास्तरांनी वाचलं होतं आणि एका म्हातारीने दुसरीला वाचून दाखवलं होतं. मुखियांनी निरोप पाठवला की तांदळामागे बसणारा जावई किती उंच आहे, पोती पुरतील ना.

आत्या मला दवाखान्यात घेऊन गेली. वाटलं, आता पाठ सोलणार. तिने नुसतं कपाट उघडलं. थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, तापाच्या गोळ्यांचा डबा, पट्ट्या, बाळंतपणाच्या सामानाची गुंडाळी. संपलं. म्हणाली, गावात एकशे बारा माणसं आहेत, त्यातल्या कुणाला दम लागला तर यातलं काय काढू ते तू सांग. ती खरंच उत्तराची वाट बघत होती रे.

मग तिने आरोग्य खात्याला प्रवासाच्या परवानगीचा अर्ज लिहिला, तुझ्या नावाने. तपासणी करून, कागद घेऊन, दिवसाउजेडी यावं. चौदा दिवस झोपडीत. जेवण ती स्वतः आणून ठेवेल. अर्ज सोबत आहे, तो तू नेऊन द्यायचा.

केलेराने तुझं पत्र स्वतः दोरीवरून काढलं, घडी घालून कमरेला खोचलं. तिचा निरोप शब्दशः देतो. चोरून आलास तर मुलाचं तोंड दाखवणार नाही. आमच्यात पहिल्या मुलाचं तोंड चटया अंथरून, सगळ्यांदेखत दाखवतात, तांदळामागे नाही. हे बोलताना रडत होती, ते सांगू नको म्हणाली.

मी होडी आणणार नाही. शब्द दिला होता, तो मोडतोय. आयुष्यात मी बरेच मोडलेत, पण हा पहिलाच विचार करून.

राग गेला की लिही.
इनोके

*

सुवा,
४ जुलै २०२१

इनोके,

तुझं पत्र वाचून मी दारावर लाथ मारली. दार मोडलं. तुम्ही बेटावरचे लोक सासर म्हणायच्या लायकीचे नाही, असं एक पत्र लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी ताप आला.

खोकला धुळीचा नव्हता. मैदानावरच्या दवाखान्याच्या तंबूत अकरा दिवस होतो. शेजारच्या खाटेवर बस चालवणारा एक धिप्पाड माणूस होता. मला जोक सांगायचा, दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला थांबायचा. चौथ्या सकाळी खाट रिकामी होती.

मी आता बरा आहे, जिना चढताना बसावं लागतं. तीस तारीख मनात येते. चोरून आलो असतो तर त्या दिवशी तुमच्या चटईवर असतो, केलेराचा हात हातात घेऊन.

आत्याला काय लिहू ते सुचत नाही. हे पत्र दोरीवर लाव, म्हणजे सगळ्यांना एकदम कळेल.
वाइसाले

*

नावुनिमोली,
२८ जुलै २०२१

तावाले, आता बापमाणूस,
वाकून बुला वि. वि.

चार दिवस लिहीन लिहीन म्हणतोय. शनिवारी सकाळी तुला मुलगी झाली. दोघी छान आहेत. पोरगी लाल, रागीट, रेवाच्या खेकड्यासारखी मुठी आवळून आहे.

आत्याने मला पाणी तापवायला बसवलं होतं. मूल अडलं होतं, हे मला नंतर कळलं. तीन तास ती केलेराला गोष्टी सांगत होती, तीही त्या विकलेल्या डुकराची, आणि केलेरा मधेच हसायची. बाहेर येऊन आत्याने हात धुतले, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, इनोके, आज मी घाबरले होते, कुणाला सांगू नकोस. तुला सांगतोय, कारण एवढं होऊनही दुपारी ती टेकडीवर कुणाचा तरी ताप बघायला गेली. मी एवढी बंदरं हिंडलो, असं माणूस पाहिलं नाही.

तुझं पत्र दोरीवर लावलं होतं. पाद्रीबाबांनी त्या बसवाल्याचं नाव विचारलंय, प्रार्थनेत घ्यायला. कळव.

तुझ्या अर्जाचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. आत्याने दोनदा विचारलं. केलेरा विचारत नाही, नुसती

थांब, शंख वाजतोय. बोट परवा यायची होती, आजच आली. होडी सोडली त्यांनी, पोती आहेत आणि एक माणूस. आत्या पाण्यात उतरली, कमरेइतक्या. कागद मागतेय. माणसाने तो पिशवीत घालून वल्ह्याच्या टोकाने पुढे केला. ती सावकाश वाचतेय. आता हात झोपडीकडे दाखवला.

तो उतरला, चार पावलं चालला आणि दम घ्यायला वाळूत बसला. केलेरा मुलीला घेऊन अनवाणी निघाली आहे, बायका तिच्यामागून चटया घेऊन धावताहेत. आत्याने अडवलं नाही, पायाने वाळूत रेघ ओढली, इथपर्यंत.

तावाले, होडीतून उतरलेला माणूस तू आहेस.