जिन्याच्या कठड्याचं माप

लक्ष्मी,

मी फुलंब्रीच्या पोलीस ठाण्यात चाललोय. त्या गावात एका घरी आम्ही केलेल्या जिन्याच्या कठड्यातून काल तिथल्या घरमालकाची तीन वर्षांची नात खाली पडली. आज सकाळी ती गेली.

कठडा गयासनं बसवला म्हणून पोलिसांनी त्याला नेलंय. पण माप माझं होतं. दांड्यांमधलं अंतर कॅल्क्युलेटरवर काढताना लांबीला वीसनं भागायचं होतं, मीच बारा दाबलं. गयास म्हणालाही होता, "बन्सीभाऊ, फट लई मोठी दिसतीय." मी म्हणालो, "मशीन चुकत नसतं, तू बसव."

माझ्या हातचा मापाचा कागद सोबत घेतलाय. तू गयासच्या घरी जा. राहतभाभींना सांग, चूक माझी हाय. त्या दार उघडणार नाय कदाचित. तरी थांब.

बन्सी