आबांचा शेवटचा आकडा

मंगळवार, ११ फेब्रुवारी. संध्याकाळ.

आज ऑफिसात सोळा आंबाबागांच्या तापमानाच्या नोंदी काढायला क्वेरी चालवली. पूर्णगडच्या एकाच बागेपुढे रिकाम्या जागा आल्या. आमच्याच. आबा गेल्यापासून अकरा दिवस तिथला तापमापक कोणी वाचलाच नाही. आई तर अजून घरापुढच्या खळ्यातही उतरत नाही.

सर म्हणाले, "रिकाम्या जागी आदल्या दिवशीचा आकडा भर. ग्राफ तुटायला नको." सगळे असंच करतात. मीही शंभरदा केलंय, दोन ओळींचा तर कोड. चालवला. १८.६, १८.६, १८.६, थेट खालपर्यंत. आबांनी शेवटच्या सकाळी लिहिलेला आकडा.

"झालं की!" सर म्हणाले.

का केलं मी? रिकामंच ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

दोन दिवस सारखाच आकडा आला की आबांना पटायचं नाही. "पारा असा जाग्यावर बसत नाय गो पोरी," म्हणायचे, चष्मा पुसायचे आणि परत आंब्याच्या कलमाखाली जाऊन तापमापक बघून यायचे.

अकरा दिवस १८.६. आणि परत बघायला कोणी गेलं नाही. मीसुद्धा.